कसम परेडच्या आधी

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

महारुद्रचा फोन आला. रविवारी दुपारी फौजेच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये पोरांच्या हातात मोबाइल देतात, म्हणून त्या वेळेला मी आणि मनकर्णा घर सोडून कुठं जात नाही. आधी मायलेकांचं बोलणं झालं. जेवायलास का नीट, थंडी किती हाय, टाचेचे फोड गेले का. मग तिनं फोन माझ्याकडं दिला.

तो म्हणाला, "बाबा, मला परत यायचंय."

मला वाटलं सुट्टीचं विचारतोय; ती मिळते ट्रेनिंगच्या शेवटी झेंड्यापुढं कसम खाल्ल्यावर. म्हणालो, "कसम परेड झाल्याबिगर सुट्टी कुठली?"

"सुट्टी न्हाई. कायमचं यायचंय."

कोणी मारलं का, विचारलं. न्हाई. कोणी काही बोललं का? न्हाई. आजारी हायस? न्हाई. मग झालं तरी काय? "काई झालं न्हाई, बाबा."

सतरा वर्षं पलटणीत काढलेल्या माणसानं या उत्तराचं काय करावं? मी त्याला सांगितलं की ट्रेनिंगच्या तिसऱ्या महिन्यात प्रत्येकाला असंच वाटतं. मलाही वाटलं होतं. अंग ठणकतं, घर आठवतं, मग एक दिवस ते सगळं मागं पडतं आणि आपण फौजी झालेलो असतो. दात दाबून राहायचं. तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

मनकर्णेला काही सांगितलं नाही. उगाच जिवाला घोर. तिनंही विचारलं नाही. संध्याकाळी भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. थकली असावी.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

रिटायर झाल्यापासून देवगाव फाट्याजवळच्या माळावर मी पोरापोरींची भरतीची तयारी करून घेतो. कोणी फौजेसाठी येतं, कोणी पोलीस भरतीसाठी. पहिल्या दिवशी सगळ्यांना रांगेत उभं करून हात वर करायला लावतो आणि म्हणवून घेतो, "मधे सोडणार नाही." माझा तेवढा एकच नियम आहे. महारुद्रनंही याच माळावर हात वर केला होता. सगळ्यांत जोरात आवाज त्याचाच होता.

आज पळणं झाल्यावर वैष्णवी समोर येऊन उभी राहिली. पोलीस भरतीची तयारी करते, दम चांगला आहे. म्हणाली, "सर, मी उद्यापासून येणार न्हाई."

"कारण?"

"मला नर्सिंगला जायचंय. पोलिसात जायचं बाबांच्या मनात हाय, माझ्या न्हाई."

मी म्हणालो, "हात वर केला होतास ना?"

ती मग "हो सर" म्हणून निघून गेली. हल्लीच्या पोरांना सुरुवात करायला काही लागत नाही आणि सोडायलाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

पहाटे मनकर्णेनं नेहमीसारखं दारातूनच हाक मारून उठवलं. आज तिसऱ्या हाकेला उठलो. झोप नीट लागली नव्हती.

महारुद्रचा फोन आला, पण फक्त मायशी बोलला. "काय म्हणाला?" मी विचारलं.

"बरा हाय."

"माझ्याशी का न्हाई बोलला?"

"तुमी ऐकायचं ठरवलं का तवा बोलंल," ती म्हणाली आणि तूर निवडायला बसली.

याचा अर्थ तिला माहीत आहे. कधीपासून, कोणास ठाऊक.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

वैष्णवी आठवडाभर आली नाही म्हणून तिच्या घरी गेलो. तिचे वडील माणिकराव शेतातून नुकतेच आले होते. हातपाय न धुताच माझ्यासाठी बाज टाकली. मी सांगितलं की पोरीत दम आहे, थोडक्यासाठी वाया घालवू नका, या वयात मनाचं ऐकलं तर जन्मभर पस्तावा.

ते म्हणाले, "फौजी, तुमी घरापोतर आलात. तुमी म्हणता तर पाठवतो."

वैष्णवी दाराशी उभी होती. तिला कोणी विचारलं नाही. मलाही विचारायचं सुचलं नाही, कारण ठरलं होतं.

परत येताना बरं वाटलं. एक पोर वाचवलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

वैष्णवी आली. पळाली. बोलली नाही.

रविवार, २ मार्च

आज महारुद्र माझ्याशी बोलला. जसं आठवतंय तसं लिहून ठेवतो, कारण मला त्याचा अर्थ अजून नीट लागलेला नाही.

म्हणाला, सध्या संगिनीचं ट्रेनिंग चालू आहे. गवताचा पुतळा उभा करतात, ओरडत धावायचं आणि रायफलीच्या टोकाची संगीन त्यात घालायची. मी हे हजार वेळा केलंय. शिकवणाऱ्या उस्तादानं त्याला रांगेतून पुढं काढलं आणि बाकीच्यांना सांगितलं, बघा, असं करायचं.

"शाबास," मी म्हणालो. मला खरंच अभिमान वाटला.

"बाबा, ऐका की. मला ते लय चांगलं यायलाय. मनात राग न्हाई कुणाचा, तरी हात बरोबर जातो. अन् मग जेवायला बसलो की त्याच हातानं घास घेऊ वाटंना."

मी म्हणालो, सवय होते.

"सवय होईल म्हणूनच तर म्हणायलोय."

मग म्हणाला, "मी सगळं करीन इथलं. पळीन, परेड करीन, जे सांगतील ते. पण कसम खाणार न्हाई. मनात नसताना झेंड्यापुढं उभं ऱ्हाऊन जिवाची कसम खायची, हे मला जमणार न्हाई."

माझा आवाज चढला. मी म्हणालो, "तुझ्या बापानं खाल्ली ती कसम. सतरा वर्षं पाळली. तुझ्या बापाचं काय वाईट झालं?"

 

"तुमाला हात लावून उठवता येत न्हाई, बाबा. मी लहान होतो तवापासून माय सांगती, लांबून हाक मार, जवळ जाऊ नको."

त्याचा इथं काय संबंध, मी विचारलं. तेवढ्यात त्यांची वेळ संपली.

खरंच, त्याचा इथं काय संबंध? माणसाची झोप एकेकाची एकेक तऱ्हेची असते.

मंगळवार, ११ मार्च

सेंटरमधून एका सुभेदार साहेबांचा फोन आला. महारुद्रनं कंपनी कमांडरसमोर उभं राहून सांगितलं की तो कसम घेणार नाही, त्याला घरी जाऊ द्यावं. सुभेदार साहेबांना राग आला नव्हता. उलट ते बुचकळ्यात पडले होते. म्हणाले, पोरगा कुठल्या कामाला नाही म्हणत नाही, फायरिंगमध्ये पुढं, कोणाशी भांडण नाही. पळून जाणारे बघितले, आजारपणाचं सोंग घेणारे बघितले, पण असा हात मागं बांधून सरळ सांगणारा बघितला नाही. "तुम्ही स्वतः फौजी आहात. येऊन समजावा. नाहीतर साहेबांना काहीतरी ठरवावं लागेल."

मी येतो म्हणालो.

लाज वाटली. सुभेदार साहेब 'तुम्ही स्वतः फौजी' म्हणाले तेव्हा फोन कानाला धरून मी सावधानमध्ये उभा होतो. मनकर्णेनं बघितलं.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. मी माळावर एकटाच गेलो होतो. कोणी पोरं नव्हती.

डोक्यात एकच चालू आहे. त्याचे कंपनी कमांडर मेजर साहेब, त्यांना काय सांगायचं ते मी तयार करतोय. साहेब, याला सोडू नका. सोडायला लागलात तर उरणार कोण? पहिल्या काही महिन्यांत दार उघडं ठेवलं तर अर्धी बरॅक रिकामी होईल, आणि त्यातले कितीतरी असे की जे राहिले असते तर उत्तम सैनिक झाले असते. मी त्यातलाच. मला तेव्हा कोणी विचारलं असतं, जातोस का, तर मी धावत सुटलो असतो. विचारलं नाही म्हणून राहिलो. राहिलो म्हणून या घरावरचा पत्रा गेला आणि स्लॅब आला, पोरगा शिकला, गावानं फौजी म्हणून हाक मारली.

दुसरं असं की पोस्टवर आपल्या डाव्या हाताला जो असतो, तो जागचा हलणार नाही याची खात्री लागते. ती खात्री ट्रेनिंगमध्येच पक्की होते. वाटलं तेव्हा निघता येईल, अशा सवयीच्या माणसाच्या शेजारी मी झोपलो नसतो.

हे सगळं बरोबर आहे. मी दहा वेळा मनात म्हणून बघितलं, बरोबरच आहे.

फक्त एक गोष्ट बसत नाही. जो हलला नाही, पण मनानं आधीच निघून गेला होता, असा एक जण माझ्या डाव्या हाताला होता. त्याला जायचं होतं, त्यानं सांगितलंही होतं, कोणी जाऊ दिलं नाही. त्या पहाटे

हे लिहायचं नाही.

बुधवार, १९ मार्च

वैष्णवी पळता पळता खाली बसली. मला वाटलं दम लागला. मी लांबूनच ओरडलो, ऊठ. ती उठली, चार पावलं टाकली आणि आडवी झाली. मोटारसायकलवर सेलूला नेता येईना, म्हणून माणिकरावांना बोलावून जीप केली.

डॉक्टरांनी पायाचा एक्स-रे काढला. नडगीचं हाड आहे तिथं आधीच बारीक चीर गेलेली, ती आज वाढली. म्हणाले, ही दोनतीन आठवडे तरी दुखऱ्या पायावर पळत असणार. एवढं दुखत असताना कसं पळता आलं, याचंच त्यांना नवल वाटलं.

मी वैष्णवीला विचारलं, "सांगितलं का न्हाईस?"

तिनं माझ्याकडं बघितलं. चिडून नाही, साधंच. "सांगून काय झालं असतं, सर?"

माणिकराव खाली बघत बसले होते. मी उठताना ते म्हणाले, "पाणी घ्या." मला आणून दिलं. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर मी ऐकून घेतले असते.

मी तिला थांबवलं असतं का? मला वाटतं, थांबवलं असतं. पण मी खात्रीनं लिहू शकत नाही.

रविवार, २३ मार्च

तिकिटं काढली. मी एकटाच जाणार होतो. मनकर्णा म्हणाली, "मी बी येणार."

"तिथं बायकांचं काय काम?"

"तिथं माझं लेकरू हाय."

कपडे घड्या घालता घालता तिनं विचारलं, "तुमाला कधी सोडून यावंसं वाटलं का?" लग्नाला चोवीस वर्षं झाली, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

"वाटून काय उपयोग होता."

"मी उपयोगाचं विचारलं न्हाई."

मी बाहेर जाऊन गाडीची चेन बघत बसलो.

शनिवार, २९ मार्च

पूर्णेहून अकोल्याकडची गाडी, मग पुढं बदलून आज सकाळी सेंटरला पोहोचलो. गेटवरच्या जवानानं माझं ओळखपत्र बघून सलाम ठोकला. आत चुना मारलेले दगड, झाडांच्या बुंध्यांना गेरू, लांबून परेडचा आवाज. माझी पाठ आपोआप ताठ झाली. मला तिथं घरच्यासारखं वाटलं, हे खोटं कशाला लिहू.

मेजर साहेबांना भेटायच्या आधी महारुद्रशी बोलायला दिलं. कडुलिंबाखाली बाक होता. तो आला तेव्हा मी क्षणभर ओळखलं नाही. खांदे भरलेले, मान सरळ, पाऊल मोजून. मी त्याला जसा बघायचं ठरवलं होतं अगदी तसा. फक्त तोंडावर मांस नव्हतं. मनकर्णेनं त्याचे दोन्ही हात धरले आणि तळवे उलटेसुलटे करून बघत राहिली. 

मी माझं सगळं सांगितलं. माळावर तयार केलेलं. पुढचं आयुष्य, लोकांची तोंडं, बापाचं नाव. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग मी म्हणालो, "मी बाप म्हणून तुला हुकूम देऊ का?"

तो म्हणाला, "द्या. तुमी हुकूम दिला तर मी ऱ्हाईन, बाबा. कसम बी खाईन. परत कधी तोंडातून काढणार न्हाई. तुमी फक्त एकदा म्हणा, ऱ्हा."

तो खरं बोलत होता. मला पोरगा माहीत आहे. मी म्हणालो असतो तर तो राहिला असता. मी त्यासाठीच एवढ्या लांब आलो होतो.

मनकर्णा माझ्याकडं बघत नव्हती. तिनं त्याचे हात सोडले होते आणि पदर मांडीवर धरून बसली होती.

मी तोंड उघडलं. माळावर इतकी वर्षं मी पोरांना एकच शब्द सांगत आलो आणि तोच शब्द मला काढता येईना.  वैष्णवीचा पाय डोळ्यापुढं आला. आणि तो दुसरा, माझ्या डाव्या हाताचा.

"चल," मी म्हणालो, "साहेबांकडं जाऊ."

मेजर साहेब तरुण आहेत, महारुद्रपेक्षा फार तर बारा-पंधरा वर्षांनी मोठे. मला खुर्ची दिली. महारुद्र सावधानमध्ये उभा. साहेब हिंदीतून बोलले. म्हणाले, नियम कडक आहे, मर्जीनं येता येतं तसं मर्जीनं जाता येत नाही. पण कसम झालेली नाही तोवर मी अर्ज शिफारशीसह वर पाठवू शकतो. एकदा कसम झाली की माझ्याही हातात फारसं राहत नाही. मग मला विचारलं, "हवालदार साहेब, तुम्ही माझ्या जागी असता तर याला सोडलं असतं? खरं सांगा. तुमच्या सेक्शनमध्ये हा पोरगा तुम्हाला हवा होता की नाही?"

मी उठून उभा राहिलो. बसून बोलता येईना.

"हवा होता, साहेब," मी म्हणालो. "असा पोरगा कुणाला नको? पण ह्यानं गप बसून कसम खाल्ली असती तर तुम्हाला काही कळलं नसतं. ह्यानं आधी सांगितलं. माझ्याबरोबर एक जण होता, त्यानंही सांगितलं होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला ठेवून घेतला."

साहेबांनी विचारलं, "मग?"

"मग तो राहिला, साहेब," मी म्हणालो. "तिथंच."

 महारुद्रची नजर समोरच्या भिंतीवर होती, शिस्तीप्रमाणं. 

साहेबांनी पेन उचललं. म्हणाले, वरून काय येईल ते मी सांगू शकत नाही, माझ्या बाजूनं मी लिहितो.

स्टेशनवर मनकर्णा मला म्हणाली, "तो कोण होता, मला कधी सांगितलं न्हाई तुमी."

मी म्हणालो, सांगीन.

रविवार, ३० मार्च

पाडवा गाडीतच गेला. अकोल्याच्या पुढं मनकर्णेला त्याचं नाव सांगितलं. गाव सांगितलं. बाकीचं अजून जमलं नाही. तिनं घाई केली नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

गेल्या आठवड्यात माळावर नवी बॅच आली. हात वर करायला लावला नाही. का नाही, ते जुन्या पोरांनी विचारलं, मी त्यांना पळायला पाठवलं, कारण मला एका वाक्यात सांगता आलं नसतं. तिसऱ्याच दिवशी काही जण गळाले. मी कोणाच्या घरी गेलो नाही. मला ते आवडलंही नाही. सोडणारा मला अजून आवडत नाही, हे लिहून ठेवतो.

संध्याकाळी वैष्णवीकडं गेलो. पाय प्लास्टरमध्ये. मी म्हणालो, "माझं चुकलं." ती म्हणाली, "बसा सर." तिच्या वडिलांनी तिला नर्सिंगला पाठवायचं मान्य केलंय का, हे मी विचारलं नाही. ते विचारायचा हक्क मला राहिलेला नाही.

सोमवार, २१ एप्रिल

मंजुरी आली. सुभेदार साहेबांनी फोनवर सांगितलं. शेवटी म्हणाले, "चांगला पोरगा गेला." मी "जी साहेब" म्हणालो.

मनकर्णेनं देवापुढं दिवा लावला. मी लावला नसता. मला आनंद झाला नाही, दुःखही पूर्ण झालं नाही. पेन्शनीवर निघालो त्या दिवशी वर्दी घडी करून पेटीत ठेवली होती, तसं काहीतरी.

गुरुवार, २४ एप्रिल

त्याला आणायला पूर्णेला गेलो. गाडीतून उतरला तो एक ट्रंक आणि एक बॅग घेऊन. मला बघून सावधानमध्ये उभा राहिला, मग त्याच्या लक्षात आलं आणि तो ओशाळला. मी ट्रंकेची एक कडी धरली, दुसरी त्यानं. परभणी, सेलू, असं करत दुपारी देवगाव फाट्याची जीप धरली. उन्हानं पत्रा तापला होता. जीपमध्ये आठवडी बाजाराची माणसं, बहुतेक ओळखीची.

ड्रायव्हर भुजंग आरशातून बघत म्हणाला, "फौजी, पोरगं सुट्टीवर आलं वाटतं. लय दिवसांनी."

सगळे आमच्याकडं बघायला लागले. महारुद्र बाहेर बघत होता. त्याची मान तांबडी झाली. नुसतं "हो" म्हणालो असतो तर फाट्यापर्यंतचा रस्ता सोपा गेला असता. महिना दोन महिने गेले असते, मग हळूहळू गावाला आपोआप कळलं असतं.

"न्हाई," मी म्हणालो. "फौज सोडून आलाय. कसमेच्या आधी साहेबांना तोंडावर सांगून आलाय. मी बी गेलो होतो संगं."

 मागच्या सीटवर कोणीतरी हळू हसलं. भुजंग म्हणाला, "असं व्हय," आणि गिअर टाकला.

जीप हलली. पुढच्या थांब्यावर एक म्हातारी चढली, तिला पाय ठेवायला जागा होईना. महारुद्रनं खालची बॅग उचलून मांडीवर घेतली, थोडा माझ्याकडं सरकला आणि तिला म्हणाला, "बसा आजी, नीट बसा."